स्तनाच्या कॅन्सरच्या विभागासाठी डेटा प्रणाली: रोज सकाळी कोणती यादी उघडायची, ते आधी ठरवा

तुम्ही विचारलं आहे ते थोडक्यात असं. तुमच्या विभागात स्तनाच्या कॅन्सरचे वर्षाला साधारण २५० नवे रुग्ण येतात. नोंदी एका लांबलचक एक्सेल शीटमध्ये आहेत, पॅथॉलॉजी आणि रेडिओलॉजीचे रिपोर्ट पीडीएफ होऊन दुसरीकडे पडले आहेत. दोन कंपन्यांनी डेमो दाखवले, एका सहकाऱ्याने फुकट मिळणारी प्रणाली सुचवली. यातलं काय घ्यावं, आणि त्याने उपचार खरंच सुधारतात का?

यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. गेल्या तीन वर्षांत आपल्याकडे काय झालं, हा एक. आज कोण कुठे अडकलंय, हा दुसरा. डेमोत रंगीत आलेख दाखवतात ते पहिल्याचं उत्तर असतं, पण उपचार सुधारतात ते दुसऱ्याच्या उत्तराने. बायोप्सीचा रिपोर्ट आला पण बाईला कुणी कळवलंच नाही. शस्त्रक्रिया झाली पण रेडिएशनची तारीख कुणी घेतली नाही. ट्रास्टुझुमॅबचे (हर-२ हे प्रथिन जास्त असलेल्या कॅन्सरवरच्या औषधाचे) नऊ डोस झाले आणि दहाव्याला ती आली नाही. नुकसान अशा सांध्यांवर होतं. त्यामुळे माझा पहिला निकष हा, की अडकलेल्यांची यादी ही प्रणाली रोज सकाळी देते का. त्याच नोंदींतून वर्षाचे अहवाल आपसूक निघतात. अहवालासाठी वर्षाअखेरीस भरलेल्या नोंदींतून मात्र अशी यादी कधीच निघत नाही, कारण त्या भरेपर्यंत वेळ निघून गेलेली असते.

उशिराची किंमत किती, हे आता बऱ्यापैकी मोजलेलं आहे. २०२० मध्ये बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका मोठ्या आढाव्यात शस्त्रक्रियेला होणाऱ्या दर चार आठवड्यांच्या उशिरामागे मृत्यूचा धोका साधारण ६ ते ८ टक्क्यांनी वाढलेला दिसला, स्तनाचा कॅन्सरही त्यात होता. शस्त्रक्रियेनंतरची केमो ९० दिवसांपलीकडे गेली की निकाल खालावतात, हेही दिसलेलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने स्तनाच्या कॅन्सरसाठी २०२३ मध्ये मांडलेल्या आराखड्यात तीन आकडे आहेत: ६० टक्क्यांहून जास्त रुग्णांचं निदान पहिल्या किंवा दुसऱ्या टप्प्यात व्हावं, पहिल्यांदा दाखवल्यापासून ६० दिवसांत निदान पूर्ण व्हावं, आणि ८० टक्क्यांहून जास्त रुग्णांनी ठरलेले उपचार पूर्ण करावेत. सुरुवातीला एवढी मोजपट्टी पुरे. पण ती लावायला "पहिल्यांदा कुणाला दाखवलं ती तारीख" हवी, आणि बहुतेक शीटमध्ये नेमकी तीच नसते. असते ती तुमच्याकडे नाव नोंदवल्याची तारीख. त्याआधी दुसरीकडे गेलेले तीन महिने कागदावर येतच नाहीत.

एक रुग्ण, एक ओळ: एक्सेल मोडतं ते इथे

कोणतीही प्रणाली घ्या, आतली रचना तीन पायऱ्यांची हवी: रुग्ण, रुग्णाखाली गाठ, गाठीखाली घटना. घटना म्हणजे तपासणी, बायोप्सी, शस्त्रक्रिया, केमोचा प्रत्येक डोस, रेडिएशन, ट्यूमर बोर्डाचा (वेगवेगळ्या विभागांच्या डॉक्टरांच्या एकत्र बैठकीचा) निर्णय, फॉलोअपची भेट. प्रत्येकीला स्वतःची तारीख.

का, ते एका उदाहरणाने सांगतो. डाव्या स्तनाचा कॅन्सर झालेल्या बाईला चार वर्षांनी उजव्या बाजूला नवी गाठ येते. एका रुग्णाला एकच ओळ असेल, तर टाइप करणाऱ्यासमोर दोनच वाटा उरतात. जुन्या ओळीवर नवी माहिती लिहायची, म्हणजे डाव्या बाजूचे रिसेप्टरचे निकाल (गाठीच्या पेशींवर कोणतं औषध चालेल ते सांगणारे) पुसले जातात. किंवा नवी ओळ घालायची, म्हणजे तीच बाई दोनदा मोजली जाते. शिवाय हा दुसरा कॅन्सर की पहिल्याचीच पुनरावृत्ती, हा उपचार बदलणारा फरक कुठेच लिहिला जात नाही.

शस्त्रक्रियेआधी केमो दिली जाते तिथेही हाच घोटाळा होतो. सुरुवातीला तपासणीवरून टप्पा टी-२ एन-१ होता (टी म्हणजे गाठ, एन म्हणजे ग्रंथींतला प्रसार). केमोनंतर शस्त्रक्रियेत गाठ पूर्ण विरघळलेली सापडली, म्हणजे वायपीटी-० वायपीएन-० (वायपी म्हणजे आधी उपचार देऊन मग शस्त्रक्रियेत दिसलेलं). शीटमध्ये "टप्पा" असा एकच रकाना असेल तर नंतरचा आधीच्यावर बसतो. वर्षभराने फाइल उघडणाऱ्याला वाटतं की रोग जेमतेमच होता. रेडिएशनचा निर्णय तर बहुतेक वेळा केमोआधी काखेतल्या ग्रंथींची अवस्था काय होती यावरही ठरतो. म्हणून उपचाराआधी तपासणीवरून काढलेला टप्पा, थेट शस्त्रक्रिया झाली तर तिच्यानंतरचा टप्पा आणि आधी केमो होऊन मग शस्त्रक्रियेत दिसलेला टप्पा हे तीन वेगळे रकाने ठेवा, आणि त्यातला कोणताही दुसऱ्याने झाकला जाता कामा नये. एजेसीसीची (कॅन्सरचे टप्पे ठरवणाऱ्या अमेरिकी समितीची) कोणती आवृत्ती वापरली तेही सोबत साठवा. २०१८ पासून लागू झालेल्या आठव्या आवृत्तीत ग्रेड (पेशी किती बिघडल्या), ईआर, पीआर (इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांचे रिसेप्टर) आणि हर-२ धरून रोग पुढे कसा वागेल ते सांगणारा टप्पा काढतात, त्यामुळे त्याआधीचे आणि नंतरचे टप्पे सरळ एका तक्त्यात घालता येत नाहीत.

हे लिहितानाच एक किरकोळ वाटणारी गोष्ट: लिंगाचा रकाना "स्त्री" असा आधीच भरून ठेवू नका. पुरुषांनाही हा कॅन्सर होतो, आणि अशा प्रणालीत त्यांची नोंद हमखास चुकते.

निष्कर्ष साठवू नका, मूळ मोजमाप साठवा

पूर्ण उत्तरातला एकच मुद्दा उचलायचा असेल तर हा उचला. हर-२ चंच बघा. कितीतरी वर्षं शीटमध्ये "पॉझिटिव्ह" नाहीतर "निगेटिव्ह" असं लिहिलं जायचं. आयएचसी (पेशी रंगवून केलेली तपासणी) ०, १+ आणि २+ असून फिश (जनुकाच्या प्रती मोजणारी तपासणी) निगेटिव्ह, हे सगळे "निगेटिव्ह"मध्ये जायचे. मग २०२२ मध्ये पसरलेल्या रोगासाठी ट्रास्टुझुमॅब डेरुक्सटेकान हे औषध हर-२ कमी असलेल्या रुग्णांसाठी मंजूर झालं, आणि हर-२ कमी म्हणजे १+ किंवा २+ असून फिश निगेटिव्ह. ज्यांनी मूळ आकडा साठवला होता त्यांना पात्र रुग्णांची यादी एका शोधात मिळाली. ज्यांनी फक्त "निगेटिव्ह" लिहिलं होतं त्यांना जुने कागद, आणि कागद नसतील तिथे जुने ब्लॉक (मेणात जपलेले नमुने), एकेक करून काढावे लागले.

ईआरचंही तसंच. एक टक्का किंवा त्याहून जास्त पेशी रंगल्या तर पॉझिटिव्ह म्हणतात, पण १ ते १० टक्के हा गट २०२० पासून "ईआर कमी पॉझिटिव्ह" म्हणून वेगळा लिहावा असं ठरलं, कारण तो रोग पुष्कळदा ट्रिपल निगेटिव्हसारखा (ईआर, पीआर आणि हर-२ तिन्ही निगेटिव्ह असलेल्या रोगासारखा) वागतो. तेव्हा टक्केवारी आणि रंगाची तीव्रता आकड्यात साठवा; पॉझिटिव्ह-निगेटिव्ह प्रणालीला काढू दे. उद्या व्याख्या बदलली तर एक सूत्र बदलायचं, अडीचशे फाइली उघडायच्या नाहीत. कापलेल्या नमुन्याच्या कडा मोकळ्या आहेत की नाही एवढ्यावर थांबू नका, किती मिलिमीटर ते घ्या, कारण पसरणाऱ्या कॅन्सरला कडेला लावलेल्या शाईवर गाठ नसणं पुरतं आणि डीसीआयएसला (दुधाच्या नलिकेच्या आतच असलेल्या कॅन्सरला) २ मिलिमीटर लागतात. काखेतल्या ग्रंथी किती तपासल्या, किती बाधित निघाल्या आणि त्यातला कॅन्सर पेशींचा सर्वात मोठा साठा किती मिलिमीटरचा, हे तीन आकडे हवेत. ०.२ मिलिमीटरपर्यंत सुट्या पेशी, त्यापुढे २ पर्यंत सूक्ष्म साठा, २ च्या वर मोठा साठा, ही वर्गवारी त्यातूनच निघते.

आणखी दोन वेळा नोंदवायला लावा, ज्या जवळजवळ कुणीच नोंदवत नाही: नमुना शरीरातून काढल्याची वेळ आणि फॉर्मॅलिनमध्ये टाकल्याची वेळ. मधलं अंतर एका तासाच्या आत हवं, आणि फॉर्मॅलिनमध्ये नमुना ६ ते ७२ तास राहायला हवा. या मर्यादा मोडल्या तर रिसेप्टर खोटे निगेटिव्ह येऊ शकतात. सुट्टीला जोडून झालेल्या शस्त्रक्रियांमध्ये ईआर निगेटिव्हचं प्रमाण अचानक जास्त दिसलं, तर आधी या वेळा तपासाव्यात. त्या लिहिलेल्याच नसतील तर तपासणार काय?

रिकामी जागा म्हणजे "नाही" नव्हे

प्रत्येक महत्त्वाच्या रकान्याला चार उत्तरं असतात: निकाल, "तपासणी केली नाही", "केली पण निकाल मिळाला नाही" आणि "अजून विचारलंच नाही". या चारांना वेगळे संकेत द्या. हर-२ रिकामा असेल आणि अहवाल काढताना तो निगेटिव्हमध्ये जाऊन बसला, तर ट्रास्टुझुमॅब न मिळालेल्या रुग्णांचा आकडा छान दिसेल आणि पूर्ण चुकीचा असेल.

तारखांचा नियम लेखी ठेवा. निदानाची तारीख म्हणजे नमुना घेतला तो दिवस की रिपोर्ट निघाला तो दिवस? दोन्ही साठवा, पण मोजताना कोणती धरायची ते एकदाच ठरवा आणि शब्दसूचीत लिहा. शब्दसूची म्हणजे प्रत्येक रकान्याचा अर्थ, एकक, चालणारी उत्तरं आणि माहिती कुठल्या कागदावरून घ्यायची, एवढं सांगणारं दस्तऐवज. ती नसेल तर डेटा एंट्रीची व्यक्ती बदलली की आकड्यांचा अर्थही बदलतो. नुसता महिना माहीत असेल तर "१ तारीख" ठोकून देऊ नका. "दिवस माहीत नाही" अशी खूण हवी, नाहीतर दिवस मोजणाऱ्या सगळ्या हिशेबांत ती खोटी १ तारीख शिरते.

रोजच्या याद्या

आता गाभ्याकडे येतो. माझ्या मते सुरुवातीला या याद्या हव्यात.

मॅमोग्राफीत बीआय-रॅड्स (निष्कर्ष ० ते ६ अंकांत लिहिण्याची पद्धत) ० आला आणि पुढची तपासणी झाली नाही. शून्य म्हणजे "निष्कर्ष अजून अपुरा", पण वाचणाऱ्याला तो "काही नाही" वाटतो. त्यामुळे या यादीत नावं नेहमीच सापडतात. बीआय-रॅड्स ४ किंवा ५ आहे आणि बायोप्सीचा निकाल नाही. बीआय-रॅड्स ३ आहे आणि सहा महिन्यांची फेरतपासणी राहिली.

त्यानंतरची यादी माझ्या दृष्टीने सर्वात मोलाची: बीआय-रॅड्स ५ आणि बायोप्सी सौम्य, म्हणजे कॅन्सर नाही. पाचमध्ये कॅन्सरची शक्यता ९५ टक्के किंवा जास्त धरलेली असते. बायोप्सी सौम्य आली तर बहुधा सुई नेमक्या जागी लागली नाही. दोन्ही रिपोर्ट आपापल्या जागी "पूर्ण" असतात, म्हणून कुणालाच काही चुकलंय असं वाटत नाही, आणि बाईला "काही निघालं नाही" असं सांगून घरी पाठवलं जातं. रेडिओलॉजी आणि पॅथॉलॉजी एकमेकांशी जुळतात का, हे त्या गाठीखाली दोन्ही निकाल शेजारी आले तरच दिसतं. ही यादी उघडली की रेडिओलॉजिस्टने त्याच आठवड्यात पुन्हा बायोप्सीचा निर्णय लिहायचा.

पुढच्या याद्या: आयएचसी २+ आणि फिश बाकी. रिपोर्ट आला पण रुग्णाला सांगितल्याची नोंद नाही. ट्यूमर बोर्डाने ठरवलं पण तीन आठवड्यांत काही सुरू झालं नाही. स्तन राखून शस्त्रक्रिया झाली आणि रेडिएशनची तारीख नाही. ईआर पॉझिटिव्ह आहे आणि टॅमोक्सिफेन किंवा अरोमाटेज इन्हिबिटर या संप्रेरकविरोधी गोळीची नोंद नाही. गोळी चालू आहे पण शेवटच्या चिठ्ठीला चार महिने उलटले. शेवटची यादी छोटी वाटते, पण गोळी पाच वर्षं, काहींना दहा वर्षं घ्यायची असते, आणि बंद करणारी व्यक्ती सहसा सांगायला येत नाही.

औषधांबाबत प्रणालीने स्वतः हिशेब करावा. ट्रास्टुझुमॅब दर २१ दिवसांनी देतात तेव्हा पहिला डोस वजनाच्या किलोमागे ८ मिलिग्रॅम आणि पुढचे ६ मिलिग्रॅम असतात. ठरल्या तारखेपेक्षा एका आठवड्याहून जास्त उशीर झाला तर पुन्हा ८ चा डोस द्यावा लागतो. म्हणून डोस लिहिण्याच्या पडद्यावर "मागच्या डोसला किती दिवस झाले" हा आकडा समोर हवा. हे औषध हृदय अशक्त करू शकतं, म्हणून हृदयाची तपासणी सुरुवातीला आणि मग दर तीन महिन्यांनी. तिथे "इको नॉर्मल" हे शब्द कामाचे नाहीत. इजेक्शन फ्रॅक्शन (दर ठोक्याला हृदय किती टक्के रक्त बाहेर फेकतं तो आकडा) मूळ आकड्यापासून १६ अंकांनी किंवा जास्त घसरलं, किंवा नॉर्मलच्या खाली जाऊन १० अंकांनी घसरलं, तर औषध थांबवतात. मूळ आकडाच नसेल तर घसरण कशावरून मोजणार? डॉक्सोरुबिसिन या केमोच्या औषधाची आयुष्यभराची एकूण मात्रा धरूनच डोस ठरतो. एका चौरस मीटरला ६० मिलिग्रॅमचे चार डोस झाले की २४० भरतात, आणि मर्यादा साधारण ४५० ते ५५० धरतात. दुसऱ्या ठिकाणी आधी काय मिळालं ते याच बेरजेत यायला हवं. पुनरावृत्ती झालेल्या रुग्णांमध्ये हा आकडा हुकतो, कारण जुनी केमो वेगळ्या संस्थेच्या कागदावर असते.

प्रत्येक यादीला एक मालक नेमा, नावानिशी. "विभागाने बघावं" असं लिहिलेली यादी कुणीच बघत नाही. नाव यादीतून काढताना कारण निवडावं लागेल अशी सोय करा: झालं, रुग्णाने नकार दिला, दुसरीकडे उपचार घेत आहे, मृत्यू, संपर्क होत नाही. आणि यादी छोटी ठेवा. रोज ऐंशी नावं आली की आठवडाभरात लोक ती उघडायचं सोडतात. मग खरोखर अडकलेलं नावही त्याच ढिगात जातं. मुदती सुरुवातीला सैल ठेवून हळूहळू आवळा.

मग सॉफ्टवेअर कोणतं?

हे तुमच्या परिस्थितीवर ठरतं. सगळे उपचार एकाच छताखाली होतात का, रुग्णालयाची मुख्य प्रणाली माहिती बाहेर देते का, आणि हाताशी तंत्रज्ञ आहे का, या तिन्हींची उत्तरं आधी मिळवा.

रेडकॅप हे व्हँडरबिल्ट विद्यापीठात २००४ मध्ये सुरू झालेलं साधन ना-नफा संस्थांना त्यांच्या समूहात सामील होऊन विनाशुल्क मिळतं. फॉर्म, शाखा पाडणारे प्रश्न, पुन्हापुन्हा येणाऱ्या घटना, कुणी काय बदललं याची नोंद, हे सगळं त्यात आहे. वर सांगितलेल्या याद्याही त्यात बांधता येतात. पण ते रुग्णाची वैद्यकीय फाइल नाही. केमोचे आदेश त्यावरून देऊ नका. कॅनरेग-५ हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचं मोफत साधन लोकसंख्येवर आधारित नोंदवहीसाठी आहे. त्या कामाला चांगलं, रोजच्या उपचारांचा माग ठेवायला नाही. केमोचे आदेश आणि रेडिएशनचं नियोजन सांभाळणारी मोठी ऑन्कोलॉजी प्रणाली महाग असते, आणि ती खरी उपयोगी पडते जेव्हा डॉक्टर, फार्मसी आणि नर्स तिघेही तीच वापरतात. तुमच्या आकाराच्या विभागाने पहिलं वर्ष रेडकॅपसारख्या साधनावर काढावं, असं माझं मत आहे. आपल्याला नेमकं काय हवं ते त्या वर्षात कळतं, आणि मग कंपनीशी बोलताना तुमची शब्दसूची टेबलावर असते.

कंपन्यांचा डेमो त्यांच्या नमुन्याच्या डेटावर बघू नका. स्वतःच्या दहा जुन्या फाइली निवडा, नाव-पत्ता काढून टाका, आणि तुमच्यासमोर भरून दाखवायला सांगा. त्यात दोन्ही बाजूंचा कॅन्सर असलेली एक, आधी केमो झालेली एक, पुनरावृत्तीची एक, २+ नंतर फिश झालेली एक, अर्धे उपचार दुसरीकडे घेतलेली एक, एक पुरुष, आणि बायोप्सी दोनदा करावी लागलेली एक असू दे. मग विचारा: "निदान झालं पण ३० दिवसांत उपचार सुरू झाले नाहीत अशांची यादी आत्ता काढून दाखवा." ते "पुढच्या आवृत्तीत येईल" म्हणाले तर उत्तर मिळालं असं समजा. शेवटी सगळा डेटा शब्दसूचीसकट, उघडता येईल अशा साध्या स्वरूपात बाहेर काढून द्यायला सांगा, आणि ही अट करारात घाला. एफएचआयआर (आरोग्याची माहिती एका प्रणालीतून दुसरीत नेण्याचं प्रमाण) आणि त्यावर बांधलेला कॅन्सरसाठीचा एमकोड हा किमान रकान्यांचा संच त्यांना माहीत आहे का, तेही विचारा. गाठीची जागा आणि प्रकार आयसीडी-ओ-३ या कॅन्सरच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या संकेतांत साठवता आले पाहिजेत: स्तनासाठी सी-५०, नेहमीच्या डक्टल कॅन्सरला ८५००/३, लोब्युलरला ८५२०/३.

भरणार कोण?

बहुतेक प्रकल्प इथेच अडतात. घड्याळ लावून एक नवी फाइल पूर्ण भरायला किती मिनिटं लागतात ते बघा. समजा ४० लागली, तर २५० फाइलींना १६७ तास, आणि हे फक्त पहिल्यांदा भरायला. जुन्या रुग्णांचा फॉलोअप दरवर्षी त्यावर चढत जातो. हे काम निवासी डॉक्टरांच्या उरल्यासुरल्या वेळावर सोडलं तर सहा महिन्यांत बंद पडतं. त्यासाठी प्रशिक्षित, पगारी डेटा समन्वयक हवा. रकाने पहिल्या वर्षी साठच्या आत ठेवा. "असू दे, पुढे संशोधनाला लागेल" म्हणून घातलेला रकाना अर्धवट भरला जातो, आणि शेवटी संशोधनालाही लागत नाही.

भरण्याचा भार कमी करायचा खरा मार्ग म्हणजे माहिती जिथे जन्मते तिथेच रकान्यांत लिहून घेणं. पॅथॉलॉजिस्टचा रिपोर्ट परिच्छेदात असेल तर कुणीतरी तो वाचून टाइप करणार आणि चुकणार. ठरलेल्या मुद्द्यांचा साचा वापरला तर रिपोर्ट आणि डेटा एकाच वेळी तयार होतात. पॅथॉलॉजिस्टला हे पहिल्या महिन्यात जड जातं. साचा त्यांच्यासोबत बसून बनवा, त्यांच्यावर लादू नका.

तपासणीचे दोन थर ठेवा. पहिला, भरतानाच अडवणारा: बाधित ग्रंथी तपासलेल्या ग्रंथींपेक्षा जास्त, शस्त्रक्रियेची तारीख पहिल्या भेटीच्या आधी, बायोप्सी डावी आणि शस्त्रक्रिया उजवी, ईआर निगेटिव्ह आणि टॅमोक्सिफेन चालू. यातलं काही क्वचित खरंही असतं, म्हणून "खात्री केली" असं लिहून पुढे जाता यावं. बाजूच्या विसंगतीवर मात्र डॉक्टरांची सही घ्या. दुसरा थर, दर महिन्याला ५ टक्के फाइली दुसऱ्या व्यक्तीने मूळ कागदावरून, आधीचं न बघता पुन्हा भरायच्या आणि दोन्ही ताडायच्या. एखाद्या रकान्यात वारंवार फरक आला तर दोष बहुधा माणसाचा नसतो, त्या रकान्याची व्याख्या धूसर असते.

जुनं एक्सेल आणताना

सगळं आणू नका. शीट गोठवून जपून ठेवा, आणि उपचार किंवा फॉलोअप चालू असलेल्यांचीच माहिती मूळ फाइलवरून ताडून नव्या प्रणालीत घ्या. कारण एक्सेलने आतल्या आत काय काय बदललेलं असतं ते वरून दिसत नाही. "३/१२", म्हणजे बारापैकी तीन ग्रंथी बाधित, असं टाइप केलं की एक्सेल त्याची तारीख करून टाकतं. खालचा मूळ मजकूर उरतच नाही. दिवस आधी की महिना आधी, हे दोन संगणकांवर वेगळं असेल तर ०३/०४ चा अर्थ एका शीटमध्ये दोन प्रकारचा होतो. बारापेक्षा मोठे दिवस बरोबर दिसतात आणि लहान दिवस उलटतात, त्यामुळे नजरेत येत नाही. जुन्या मॅकवरच्या काही फाइलींत तारखा १९०० ऐवजी १९०४ पासून मोजलेल्या असतात. त्या नकलून आणल्या की सगळ्या तारखा १,४६२ दिवसांनी सरकतात.

एकाच व्यक्तीच्या दोन नोंदी शोधताना नावावर भिस्त ठेवू नका. स्पेलिंग बदलतं, आडनाव बदलतं. जन्मतारीख, फोन, रुग्णालयाचा क्रमांक आणि गाठीची बाजू मिळून जुळवा, आणि संशयास्पद जोड्या माणसाने बघाव्यात. फोन नंबर दोन घ्या, एक रुग्णाचा आणि एक घरातल्या दुसऱ्याचा, आणि प्रत्येक भेटीत "हाच चालू आहे ना?" असं विचारा. फॉलोअप तुटण्याचं हे सर्वात साधं कारण आहे.

आकडे वाचताना

जे परत आले नाहीत ते बरे आहेत असं धरू नका. "शेवटचा जिवंत असल्याची खात्री केलेली तारीख" हा रकाना प्रत्येक संपर्कात बदलला पाहिजे, आणि जगण्याचं प्रमाण काढताना किती जणांचा पत्ता नाही ते त्याच तक्त्यात दिसलं पाहिजे. फॉलोअप हरवलेले बरेच असतील तर तुमचा पाच वर्षांचा आकडा सुंदर दिसेल, आणि खोटा असेल. लहान गटांवर घाई नको. ट्रिपल निगेटिव्ह पाश्चात्त्य देशांत साधारण १० ते १५ टक्के असतात (भारतात प्रमाण जास्त दिसतं), त्या हिशेबाने तुमच्याकडे वर्षाला पंचवीस ते सदतीस. त्यातले दोघे-तिघे इकडचे तिकडे झाले की टक्केवारी हलते. सर्जननिहाय तुलना तर पहिल्या दोन वर्षांत करूच नये. केली की लोक नोंदी सजवायला लागतात.

रुग्णाच्या स्वतःच्या तक्रारींसाठी ब्रेस्ट-क्यू किंवा ईओआरटीसी या युरोपीय कॅन्सर संशोधन संस्थेच्या प्रश्नावल्या चांगल्या आहेत, पण भरलेलं उत्तर त्याच भेटीत कुणी वाचणार असेल तरच घ्या.

गोपनीयतेबद्दल एकच विशेष मुद्दा, बाकी तुमच्या कायद्याप्रमाणे. बीआरसीए (स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढवू शकणारी जनुकं) तपासणीचा निकाल एका व्यक्तीचा नसतो, तिच्या बहिणी-मुलांचाही असतो. तो वेगळ्या परवानगीखाली ठेवा, कुणी उघडला त्याची नोंद होऊ द्या. "अर्थ अनिश्चित" असा बदल सापडला असेल तर त्याचं नेमकं नाव एचजीव्हीएस या जनुकीय बदलांना नाव देण्याच्या पद्धतीने साठवा, कारण काही वर्षांनी प्रयोगशाळा त्याचं वर्गीकरण बदलू शकते आणि तेव्हा त्या रुग्णाला बोलावावं लागतं. नुसतं "बीआरसीए निगेटिव्ह" लिहिलेलं असेल तर बोलवायचं कुणाला, हे कळणारच नाही. बॅकअप घेता हे पुरेसं नाही. तीन महिन्यांतून एकदा तो दुसऱ्या संगणकावर उभा करून दहा फाइली उघडून बघा.

सुरुवात करायची तर या क्रमाने: पहिले दोन आठवडे शब्दसूची, पुढचे दोन आठवडे दहा फाइलींची चाचणी, मग फक्त नव्या रुग्णांच्या नोंदी आणि तीनच याद्या. बीआय-रॅड्स ४-५ ला बायोप्सी नाही, निदानानंतर ३० दिवसांत उपचार नाहीत, आणि ट्रास्टुझुमॅबचा डोस चुकला. या तीन महिनाभर नीट चालल्या की चौथी जोडा. रेडिएशन तुमच्याकडेच होतं की रुग्ण बाहेर पाठवता, ते कळवा. बाहेर पाठवत असाल तर पूर्ण झाल्याची तारीख परत कशी मिळवायची, याची वेगळी यादी लागेल, आणि तिची मुदत कशी धरायची ते सांगतो.